एवढे सगळे वाचायचे कधी?

एखाद्या विषयातील तज्ज्ञाविषयी सामान्य वाचकाला हमखास पडणारा प्रश्न असा की, त्या विषयावर जगभर रोज काही ना काही नवे छापले जात असताना हा माणूस ते सगळे वाचतो तरी कधी, आणि वाचत नसेल तर त्याचे ज्ञान ताजे आहे हे कशावरून समजायचे? डॉक्टरांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण त्यांच्या शिळ्या माहितीची किंमत रुग्णाला मोजावी लागते. याचे खरे उत्तर असे आहे की सगळे कोणीच वाचत नाही. काय बारकाईने वाचायचे, काय नुसते चाळायचे आणि काय सोडून द्यायचे, हे ठरवण्याची एक रीत चांगला अभ्यासक स्वतःला घालून घेतो आणि ती वर्षानुवर्षे पाळतो. ही रीत शिकवता येण्यासारखी आहे, परंतु आपल्याकडे ती क्वचितच शिकवली जाते. पीएच.डी.चा विद्यार्थी सुरुवातीला पूर्वसंशोधनाचा आढावा घेतो, तो आढावा प्रबंधाच्या एखाद्या प्रकरणात जाऊन बसतो आणि पुष्कळदा वाचन तिथेच थांबते. प्रबंध सादर होईपर्यंत मात्र विषय बराच पुढे सरकलेला असतो.

१. किती छापले जाते?

संशोधनाला वाहिलेली नियतकालिके १६६५ साली सुरू झाली. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसमध्ये ‘जुर्नाल दे सावां’ निघाले आणि मार्चमध्ये लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. त्यापूर्वी विद्वान आपले शोध एकमेकांना पत्रांतून कळवत असत, आणि ज्याचा पत्रव्यवहार मोठा त्याचे ज्ञान ताजे, असा सरळ हिशेब होता.

पुढे या वाढीचे माप घेतले ते विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ते सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवत असताना ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चे जुने खंड काही काळ त्यांच्याकडे होते, ते दशकवार भिंतीशी रचून ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आले की चळतींची उंची सारख्या अंतराने न वाढता झपाट्याने चढत गेली आहे. वैज्ञानिक साहित्य साधारण दहा ते पंधरा वर्षांत दुप्पट होते, असे अनुमान त्यांनी पुढे मांडले. दुप्पट होण्याचा काळ पंधरा वर्षे धरला, तर तीस वर्षे नोकरी करणाऱ्या प्राध्यापकाच्या कारकिर्दीत त्याच्या विषयातील साहित्य चौपट होते. त्याची वाचण्याची गती मात्र बहुतेक तेवढीच राहते.

आजचे चित्र एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वैद्यक आणि जीवशास्त्र यांतील शोधनिबंधांची ‘पबमेड’ ही सूची अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय चालवते. तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी असून दर वर्षी दहा लाखांहून अधिक नव्या नोंदींची भर पडते. दहा लाखांना ३६५ने भागले तर दिवसाला सुमारे २,७४० निबंध, म्हणजे दर मिनिटाला जवळजवळ दोन, असा हिशेब निघतो. एका माणसाने वाचून हा साठा आटोक्यात येणार नाही, हे एकदा मनापासून मान्य केले की पुढचे प्रश्न नीट विचारता येतात.

२. कोठे छापले जाते?

यातील पहिला प्रश्न असा की, आपल्या विषयाचे निबंध नेमके कोठे येतात? लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयाचे प्रमुख सॅम्युअल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ साली याचा एक अत्यंत उपयोगी अभ्यास प्रसिद्ध केला. उपयोजित भूभौतिकी, म्हणजे खनिजे, तेल वगैरेंचा शोध घेण्यासाठी भौतिकशास्त्राच्या पद्धती वापरणारी शाखा, या विषयावरील १,३३२ संदर्भ त्यांनी गोळा केले आणि ते कोणकोणत्या नियतकालिकांतून आले ते मोजले. अवघ्या ९ नियतकालिकांत ४२९ संदर्भ होते, त्यानंतरच्या ५९ नियतकालिकांत ४९९ होते, आणि उरलेले ४०४ तब्बल २५८ नियतकालिकांत विखुरलेले होते. दुसऱ्या शब्दांत, साहित्याचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा नऊ ठिकाणी सापडतो, दुसऱ्या हिश्शासाठी त्याच्या साडेसहा पट ठिकाणे पाहावी लागतात, आणि अखेरचा हिस्सा मिळवायला शेकडो ठिकाणे धुंडाळावी लागतात, तीही प्रत्येक ठिकाणी सरासरी दीड निबंधासाठी. विषय बदलला की आकडे बदलतात, पण हा विखुरलेपणा थोड्याफार फरकाने सगळीकडे आढळतो, आणि ग्रंथालयशास्त्रात तो ब्रॅडफर्डचा नियम म्हणून ओळखला जातो.

या नियमातून अभ्यासकाला कामाची विभागणी करून मिळते. आपल्या विषयाची गाभ्याची आठ-दहा नियतकालिके कोणती हे त्याने एकदा शोधून काढावे (स्वतःच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या टिपणांतील संदर्भ मोजले तरी ती कळतात) आणि त्यांची अनुक्रमणिका अंक निघेल तशी स्वतः पाहावी. बाकीच्या शेकडो नियतकालिकांमागे धावू नये. ते काम सूचींकडे आणि पुढे सांगितलेल्या साधनांकडे सोपवावे. पुष्कळ उत्साही संशोधक नेमके उलट करतात. ते दूरदूरचे निबंध कष्टाने शोधून काढतात आणि गाभ्यातल्या नियतकालिकाचे लागोपाठ तीन अंक त्यांच्या नजरेतून सुटलेले असतात.

३. मागे जाणारी वाट आणि पुढे येणारी वाट

कोणत्याही शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भसूची असते, म्हणजे लेखकाने ज्यांचा आधार घेतला त्या आधीच्या लेखनाची यादी. या यादीच्या आधारे वाचक मागे जाऊ शकतो, परंतु १९७२चा निबंध १९९०च्या निबंधाविषयी काहीच सांगू शकत नाही, आणि नव्याचा मागोवा घेणाऱ्याला तर पुढे जायचे असते. ही अडचण ओळखून युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली: निबंधांच्या संदर्भसूच्या उलट फिरवून अशी सूची करावी की, एखादा जुना निबंध पुढे कोणकोणत्या निबंधांनी उल्लेखिला हे एका ठिकाणी पाहता येईल. १९६४पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या नावाने ही सूची प्रसिद्ध होऊ लागली. त्र्यंबकेश्वरच्या किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत एका पुरुषाच्या नावावरून जसे त्याचे पूर्वजही सापडतात आणि नंतर येऊन गेलेले त्याचे नातूपणतूही सापडतात, तशी दोन्ही दिशांची वाट या सूचीमुळे निबंधांच्या बाबतीत खुली झाली.

आज हेच काम २००४मध्ये सुरू झालेल्या ‘गूगल स्कॉलर’वर फुकट करता येते. एखाद्या निबंधाच्या खाली त्याचा उल्लेख करणाऱ्या निबंधांची यादी मिळते, आणि यापुढे त्याचा उल्लेख कोणी केला की ईमेलने कळावे, अशी सूचनाही लावून ठेवता येते. विषयाचा एखादा शब्द देऊन लावलेल्या सूचनेतून पुष्कळ केरकचरा येतो. त्याऐवजी आपल्या विषयातले तीन-चार पायाभूत निबंध निवडून त्यांच्या उल्लेखांवर सूचना लावली, तर येणारी यादी लहान आणि नेमकी राहते, कारण त्या विषयावर गांभीर्याने लिहिणाऱ्याला त्या निबंधांना टाळून पुढे जाता येत नाही.

भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र यांत नियतकालिकाची वाट पाहण्याइतका वेळही उरलेला नाही. पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट १९९१मध्ये लॉस अ‍ॅलमॉस येथे सुरू केलेल्या आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेलेल्या ‘आर्काइव्ह’ या संग्रहात लेखक आपले निबंध छापण्यापूर्वीच ठेवतात. अशा निबंधाला प्रीप्रिंट म्हणतात. त्यावर इतर तज्ज्ञांचे परीक्षण अजून झालेले नसते. तेथील नवी यादी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवार ते गुरुवार रात्री आठ वाजता जाहीर होते, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्रज्ञाला ती सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेपाचला, आणि हिवाळ्यात साडेसहाला, मिळते.

४. वाचनाच्या तीन फेऱ्या

यादी हाती आली की वाचायचे कसे, हा पुढचा प्रश्न. संगणकशास्त्रज्ञ एस. केशव यांनी २००७ साली विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एका छोट्या लेखात यावर तीन फेऱ्यांची पद्धत सुचवली, आणि ती संगणकशास्त्राबाहेरही रुजली. पहिल्या फेरीत पाच ते दहा मिनिटांत शीर्षक, सारांश, प्रस्तावना, पोटमथळे आणि निष्कर्ष एवढेच पाहायचे आणि संदर्भसूचीवरून नजर फिरवायची. दुसऱ्या फेरीत तासाभरात आलेख, आकृत्या आणि मुख्य युक्तिवाद समजून घ्यायचा, सिद्धता मात्र बाजूला ठेवायची. तिसऱ्या फेरीत लेखकाने केलेले काम जणू आपणच नव्याने करत आहोत अशा रीतीने प्रत्येक पायरी तपासायची. नवख्याला याला चार-पाच तास लागतात.

समजा, एखाद्याकडे आठवड्याला साठ शीर्षके येतात. शीर्षकांवरून त्यांतले पंचेचाळीस गळतात, उरलेल्या पंधरांची पहिली फेरी आठ मिनिटांप्रमाणे दोन तासांत होते, त्यांतले दोन दुसऱ्या फेरीला पात्र ठरतात, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत महिन्यातून एखादाच पोचतो. आठवड्याला पाच-सव्वापाच तास नियमाने देणाऱ्याचे काम एवढ्यात भागते. यात महत्त्वाची आहे ती पहिल्या फेरीनंतर लिहायची दोन ओळींची नोंद: प्रश्न काय होता, आणि तो कोणावर किंवा कशावर तपासला. ही नोंद नसेल तर वर्षाने तोच निबंध पुन्हा नवा म्हणून समोर येतो.

५. एका प्रश्नाचा पन्नास वर्षांचा माग

निबंध सुटा वाचणे आणि प्रश्नाचा माग ठेवणे यांत मोठा फरक आहे, आणि तो दाखवणारे प्रसूतिशास्त्रातले एक उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे तयार झालेली नसतात, त्यामुळे जन्मानंतर त्याला श्वास घेणे कठीण जाते आणि त्यातून मृत्यूही ओढवतो. न्यूझीलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत असताना त्यांच्या लक्षात आले की, स्टेरॉइड दिल्यानंतर वेळेआधी जन्मलेली कोकरे अपेक्षेपेक्षा बरी तग धरतात. बालरोगतज्ज्ञ रॉस हाउवी यांच्यासह त्यांनी ऑकलंडमध्ये २८२ मातांवर चाचणी घेतली आणि १९७२ साली ती प्रसिद्ध केली. अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाच्या श्वसनाचा त्रास आणि मृत्यू या दोहोंत लक्षणीय घट होते, असे तिच्यात दिसले.

त्यानंतरच्या वर्षांत निरनिराळ्या देशांत आणखी चाचण्या झाल्या. त्यांतल्या पुष्कळ लहान होत्या, आणि लहान चाचणीचा निष्कर्ष योगायोगाने इकडेतिकडे झुकू शकतो. त्यामुळे एखादी चाचणी वाचणाऱ्या डॉक्टरला उपचार गुणकारी वाटे, तर दुसरी वाचणाऱ्याला संशयास्पद. सगळ्या चाचण्या एकत्र मांडून त्यांचा एकत्रित हिशेब करणारा आढावा १९८०च्या दशकाच्या अखेरीस झाला तेव्हा फायदा निःसंशय असल्याचे स्पष्ट झाले. ठरलेल्या नियमांनी, एकही चाचणी न वगळता केलेल्या अशा आढाव्याला पद्धतशीर आढावा म्हणतात. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने या उपचाराची ठाम शिफारस १९९४मध्ये केली, म्हणजे पहिल्या चाचणीनंतर बावीस वर्षांनी. मधल्या काळात पुरावा छापलेला होता, ग्रंथालयांत उपलब्ध होता, पण त्यातला बराच काळ तो एकत्र कोणी वाचला नव्हता, आणि त्यामुळे वाचू शकली असती अशी कितीतरी बाळे दगावली. असे आढावे सातत्याने व्हावेत यासाठी १९९३मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात याच उपचाराच्या चाचण्यांचा आलेख आहे.

गोष्ट इथे संपत नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये सहा देशांतील एक मोठा अभ्यास आला, त्यात भारतातील बेळगाव आणि नागपूर या केंद्रांचा समावेश होता. ग्रामीण पातळीवरील आरोग्यसेवकांमार्फतही स्टेरॉइड देण्याची मोहीम तेथे राबवली गेली, आणि अपेक्षेच्या विरुद्ध एकूण नवजात मृत्यू घटण्याऐवजी थोडे वाढले. १९९४ला वाचन थांबवलेल्या डॉक्टरला हे कळलेच नसते, आणि २०१५चा एकच निबंध वाचलेल्याने उपचारच सोडून दिला असता. मग २०२०मध्ये भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील २९ रुग्णालयांत २,८५२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: स्टेरॉइड मिळालेल्या गटात नवजात मृत्यूचे प्रमाण १९.६ टक्के, तर न मिळालेल्या गटात २३.५ टक्के.

हे तिन्ही निष्कर्ष एकमेकांशेजारी ठेवल्यावर त्यांतला विरोध मावळतो. २०२०च्या चाचणीत गरोदरपणाचे दिवस सोनोग्राफीने निश्चित केलेले होते आणि बाळाची काळजी घेण्याची सोय रुग्णालयात होती. गावपातळीवर दिवसांचा अंदाज चुकण्याची शक्यता मोठी होती, आणि स्टेरॉइड मिळालेल्या अनेक स्त्रिया पुढे पूर्ण दिवसांनी बाळंत झाल्या. औषध एकच असले तरी ते कोणत्या परिस्थितीत द्यावे हा निर्णायक मुद्दा ठरला, आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आज याच अटींसह दिली जाते. नव्या संशोधनाच्या बरोबरीने राहणे म्हणजे शेवटचा निबंध वाचलेला असणे, ही समजूत किती अपुरी आहे ते यावरून ध्यानात येईल.

६. शेजारच्या विषयात काय चालले आहे?

आतापर्यंतची साधने आपल्याच विषयाच्या आत काम करतात. शिकागो विद्यापीठातील माहितीशास्त्रज्ञ डॉन स्वॉन्सन यांनी १९८६मध्ये या मर्यादेचे जे उदाहरण दिले ते अजूनही थक्क करते. रेनॉड या विकारात थंडीने बोटांचा रक्तप्रवाह आखडून ती पांढरी पडतात. अशा रुग्णांच्या रक्तात दाटपणा अधिक असतो, असे सांगणारे निबंध एका बाजूला होते. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असे सांगणारे निबंध दुसऱ्या बाजूला होते. पहिल्या गटातले लेखक दुसऱ्या गटाचा उल्लेख करत नव्हते आणि दुसऱ्यातले पहिल्याचा, त्यामुळे रेनॉडवर माशाचे तेल उपयोगी पडेल का हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. स्वॉन्सन यांनी स्वतः एकही प्रयोग न करता, केवळ वाचून तो विचारला. तीन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत या विकाराच्या एका प्रकारात तेलाचा काही उपयोग होतो असे आढळले. गाभ्याची नियतकालिके नियमाने पाहणाऱ्यानेसुद्धा वर्षातून एकदोनदा शेजारच्या विषयातला एखादा आढावालेख मुद्दाम वाचावा, तो यासाठीच.

७. मागे घेतलेले निबंध

छापलेला निबंध चुकीचा किंवा बनावट ठरला तर नियतकालिक तो मागे घेते, पण ज्याने तो आधीच वाचून टिपून ठेवला आहे त्याच्यापर्यंत ही बातमी आपोआप पोचत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या कोविड रुग्णांत मृत्यू अधिक होतात, असे सुमारे ९६,००० रुग्णांच्या माहितीवरून सांगणारा निबंध ‘लॅन्सेट’ने २२ मे २०२० रोजी प्रसिद्ध केला, त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग काही दिवस थांबवला, आणि मूळ माहिती तपासायला मिळत नसल्यामुळे ४ जूनला तो निबंध मागे घेतला गेला. अशा निबंधांची नोंद ‘रिट्रॅक्शन वॉच’ २०१०पासून ठेवत आहे, आणि ‘झोटेरो’ हे संदर्भ जपून ठेवण्याचे मोफत साधन वापरकर्त्याच्या संग्रहातील एखादा निबंध मागे घेतला गेला तर त्यावर ठळक खूण करते. जुन्या टिपणांची अशी फेरतपासणी नव्या वाचनाइतकीच आवश्यक आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते.

८. मराठीतले संशोधन

१ जानेवारी २०२५पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके देशातील ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना खुली झाली आहेत. ही मोठी सोय आहे. मात्र खासगी महाविद्यालयांतले प्राध्यापक आणि स्वतंत्र अभ्यासक तिच्याबाहेर राहतात. त्यांना प्रीप्रिंटवर अवलंबून राहावे लागते किंवा लेखकालाच ईमेल लिहून प्रत मागावी लागते, आणि बहुतेक लेखक ती आनंदाने पाठवतात.

मराठ्यांचा इतिहास, मराठी भाषा, संतसाहित्य, लोकसंस्कृती या विषयांच्या अभ्यासकाला मात्र यांतले फारच थोडे उपयोगी पडते. त्याच्या विषयातले नवे काम बरेचदा पुस्तकरूपाने येते, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातला लेख किंवा गौरवग्रंथातला निबंध आंतरराष्ट्रीय सूचींत सहसा सापडत नाही. विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर मिळतात, पण तेथे एकच विषय मराठीतून आणि इंग्रजीतून, व्यक्तिनामांच्या निरनिराळ्या लेखनांसह शोधावा लागतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची दोन खंडांत सिद्ध केली तिच्यावाचून त्या काळाचा अभ्यासक आजही पुढे जाऊ शकत नाही. संशोधनलेखांसाठी मात्र वैद्यकातल्या पबमेडसारखे, रोज भर पडणारे साधन मराठीला मिळालेले नाही. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी किंवा इतिहास विभागाने आपल्या विषयाच्या आठ-दहा नियतकालिकांच्या अनुक्रमणिका अंक निघेल तशा एका ठिकाणी नोंदवायला घेतल्या, तरी हे काम सुरू होऊ शकते. त्याला दोन विद्यार्थ्यांचे महिन्यातले काही तास आणि एका प्राध्यापकाचे सातत्य एवढेच लागेल.